नळीतला नवसागर

स्टेनलेस स्टीलला काही होत नाही, असं मी कॉलेजातल्या मुलांना सात वर्षं छातीठोकपणे सांगत आले. रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते मी, आणि छातीठोकपणा हा त्या नोकरीचाच भाग होता. आमच्या घरात तेव्हा स्टीलची भांडी नुकतीच शिरली होती. आईने पितळेची पातेली माळ्यावर टाकून कल्हईवाल्याला कायमची रजा दिली होती. चिंच ठेवा, ताक ठेवा, लोणचं ठेवा, स्टील आपलं लख्ख. त्यामुळे माझ्या विधानाला पुस्तकाचा आणि स्वयंपाकघराचा असा दुहेरी आधार होता. ते विधान अर्धवट आहे हे मला ज्यांनी दाखवलं, ते खापरखेड्याच्या वीज केंद्रात फिटर होते आणि रविवारी आमच्या रायफल क्लबात बंदुकांची देखभाल करायला येत.

क्लब म्हणजे नागपूरच्या कडेला मातीचा एक उंच बांध, पत्र्याची शेड आणि जाड दाराची एक खोली. खोलीत हत्यारं असत. शिकार बंद झाल्यापासून जुने शिकारी तिथे कागदावर गोळ्या झाडून मन रमवत आणि न मारलेल्या वाघांच्या गोष्टी सांगत. मी एन.सी.सी.तून तिथे पोचले. सलवार-कमीज घातलेली बाई सतरंजीवर पालथी पडून नेम धरते, याची पहिले सहा महिने बरीच चर्चा झाली. मग माझे नेम त्यांच्यापेक्षा बरे लागू लागले आणि चर्चा आपोआप थांबली.

त्या फिटरना सगळे मिस्त्री म्हणत, मीही तेच म्हणे. पंचेचाळिशीचे, सडपातळ, बोलायला कमी. राहायला जरीपटक्याच्या अलीकडे इंदोऱ्यात. कामाची पाळी सांभाळून रविवारी सायकलवर येत, शर्टाच्या बाह्या दुमडत आणि खोलीचं कुलूप उघडत. ती किल्ली त्यांच्याकडे असे. हत्यारांच्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे हे पोलिसांच्या कागदावर लिहिलेलं असतं, म्हणजे ती साधी गोष्ट नव्हती. या कामाबद्दल ते काही घेत नसत. क्लबातले लोक त्याला त्यांचा छंद म्हणायचे. मला तो छंद कधीच वाटला नाही. देवघरात जसं माणूस हात धुऊन जातं तसे ते त्या खोलीत जात.

दसऱ्याला क्लबात शस्त्रपूजा होई, त्या दिवशी मात्र मिस्त्री येत नसत. छप्पन्न साली ऐन तारुण्यात त्यांनी आईवडिलांसह दीक्षा घेतली होती आणि दसऱ्याला ते सहकुटुंब दीक्षाभूमीवर असत. पण आदल्या दिवशी येऊन ते एकूण एक रायफल अशी पुसून ठेवत, की तिच्यावर झेंडू वाहताना आपलंच बोट मळकट वाटावं. पूजेला येत नाही, मग एवढं कशाला करता, असं मी एकदा विचारलं. "पूजा तुमची हाये मॅडम," ते म्हणाले, "रायफल माझी हाये." मला तेव्हा हसू आलं होतं.

मग क्लबात स्टेनलेस नळीची रायफल आली. मोठ्या बोअरची, म्हणजे जाड गोळीची, परदेशी. आमचे सेक्रेटरी धंतोलीतले वकील होते. त्यांनी परवान्यासाठी इतके खेटे घातले होते की रायफल आली त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले. चांदीसारखी चमकणारी ती नळी बघायला सगळे जमले. मी माझं शहाणपण पाजळलं. म्हटलं, आता तेलपाण्याची कटकट संपली, याला गंज चढत नसतो.

मिस्त्री नळीला डोळा लावून बघत होते. ते म्हणाले, "चढते जी मॅडम. आमच्याइथं टर्बाइनची पाती याच स्टीलची राहते. वाफेत मीठ आलं का त्याईलेबी खड्डे पडते. बारीक बारीक, देवी आल्यावानी."

"ते वाफेचं तापमान असतं, मिस्त्री. इथे कुठे वाफ आहे?" मी म्हटलं. सगळे माझ्या बाजूने हसले. मिस्त्रीही थोडं हसले आणि त्यांनी नळीवर तेलाचा हात फिरवला.

त्यांची एक पद्धत होती, तिची क्लबात भरपूर थट्टा व्हायची. वरिष्ठांना विचारून त्यांनी भंगारातल्या एका टर्बाइनच्या पात्याचे बोटभर लांबीचे तुकडे आणले होते. साफसफाईसाठी कोणीही नवं औषध आणलं, मग ते परदेशी डबा असो की कोणाच्या सासऱ्याचा नुस्खा, ते आधी त्या तुकड्याला लागायचं. तुकडा खिडकीच्या गजाला तारेने टांगला जायचा, सोबत चिठ्ठी, आणि आठ दिवस त्याच्याकडे कोणी बघायचं नाही. आठ दिवसांनी मिस्त्री तुकडा पुसून भिंगाखाली धरत. मग औषधाला होकार किंवा नकार. रॉकेलला होकार होता. टर्पेंटाइनला होकार. संडास धुवायच्या अ‍ॅसिडला अर्थातच नकार, आणि तेही एकाने आणलं होतं, शपथेवर सांगते. कपडे पांढरे करायच्या पावडरीच्या पाण्याने तर तुकड्याची चाळण केली होती. अमोनियाला त्यांचा होकार होता, पण अटीवर. "अस्सल पाह्यजे, अन् पंधरा मिनिटांत पुसाले पाह्यजे. मुक्कामाले ठेवाचं नाही."

अमोनियाचा संबंध असा, की मोठ्या बोअरच्या गोळीवर तांब्याचं कवच असतं. गोळी नळीतून जाताना ते तांबं आत घासून चिकटतं. थर वाढला की नेम विस्कटायला लागतो. अमोनिया तांब्याला विरघळवतो आणि आत फिरवलेली चिंधी निळी होऊन बाहेर येते. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. शिकवणारी मी होते.

त्या वर्षी भाद्रपदात शहराबाहेरच्या लांब पल्ल्याच्या रेंजवर सामने होते आणि ती रायफल मला मिळणार होती. सामन्याला पाच दिवस उरले असताना माझे नेम पसरायला लागले. नळीत तांबं साचलं होतं. मिस्त्री वीज केंद्रातल्या वार्षिक दुरुस्तीत अडकले होते. दहा दिवस येणं जमणार नाही असं आधीच सांगून त्यांनी किल्ली रीतसर सेक्रेटरींकडे दिली होती. जाताना मला बजावलं होतं, "नवं काही लावाचं असंल तं तुकड्याले लावून ठेवा. मी आल्यावर पाहतो." आठ दिवस! माझ्याकडे पाच होते.

क्लबातली अमोनियाची बाटली रिकामी होती. कॉलेजला सुट्टी होती आणि भांडाराची किल्ली घेऊन विभागप्रमुख गावी गेले होते. दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती. पण मी केमिस्ट्रीची. अमोनिया नसला तर करता येतो, हे मी दर वर्षी पहिल्या टर्मला मुलांना करून दाखवत होते. इतवारीतल्या किराणा दुकानातून नवसागराचा खडा आणला, तोच, ज्याने कल्हईवाला भांडं चोळतो. घरी रंगासाठी आणलेला चुना होताच. दोन्ही पाण्यात कालवून बाटली हलवली आणि बूच काढलं तर असा भपकारा आला की आई स्वयंपाकघरातून ओरडली. मी खूश. वरचं नितळ पाणी वेगळं काढलं, बाटलीत भरलं आणि शनिवारी दुपारी क्लब गाठला.

सेक्रेटरींनी खोली उघडून दिली. "मॅडम करताहेत म्हणजे काळजी नाही," असं म्हणून ते पेपर वाचत बसले. मी नळीच्या तोंडात रबरी बूच बसवलं, रायफल तोंड खाली करून उभी केली आणि वरून पाणी ओतलं. पंधरा मिनिटं? छे. थर जुना होता, म्हणून रात्रभर राहू द्यायचं ठरवलं. रविवारी सकाळी येऊन पाणी काढलं. चिंध्या अशा निळ्याशार निघाल्या की सेक्रेटरींना बोलावून दाखवल्या. मग कोरडी चिंधी, मग तेल. निळ्या चिंध्या डब्यात टाकून मी गाणं गुणगुणत घरी गेले.

सामन्यात मी सपाटून मार खाल्ला. पहिल्या काही गोळ्या ठीक गेल्या, मग एक इकडे, एक तिकडे. मी वाऱ्याला दोष दिला, सतरंजीला दोष दिला, रेंजवरच्या उंदरांनाही दिला असता. नळीचा संशय मला शिवलासुद्धा नाही, कारण ती तर मी स्वतः साफ केली होती.

पुढच्या रविवारी मिस्त्री आले. रायफल उचलून त्यांनी उजेडाकडे धरली, एका बाजूने बघितलं, मग उलटी करून दुसऱ्या बाजूने. मग नळी सेक्रेटरींच्या हातात दिली. तोंडाजवळच्या इंचभर भागात, जिथे बूच होतं तिथे, बारीक बारीक खड्डे पडले होते. काळसर, देवीच्या व्रणांसारखे. शब्द त्यांचाच होता आणि मी तो ओळखला.

सेक्रेटरींचा आवाज चढला. दोघंही साधारण एकाच वयाचे, पण सेक्रेटरी त्यांना 'तू' म्हणत. "पावसाळ्याच्या दिवसांत दहा दिवस फिरकला नाहीस. मॅडमनी सामन्याआधी स्वतः साफ केली होती म्हणून निदान तेवढी तरी राहिली. एवढी महागाची रायफल!" तिथल्या तिथे रजिस्टर उघडलं गेलं आणि 'मिस्त्रीची हयगय' असं लिहिलं गेलं. पोलिसांना कळवून किल्लीवरचं नाव बदलायचं ठरत होतं. याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. हत्यारांच्या बाबतीत हयगय, असा कागद पोलिसांकडून वीज केंद्रात गेला असता आणि मिस्त्री तिथे फोरमन व्हायच्या यादीत होते. यादीत त्यांचं नाव यायलाच किती वर्षं गेली होती, ते त्यांनी मला एकदा चहा पिताना सांगितलं होतं.

"आठ दिवस द्या सायेब," मिस्त्री म्हणाले. "काहून झालं ते पाहून सांगतो. मंग कळवा." सेक्रेटरींनी नाइलाजाने हो म्हटलं.

मी काय केलं? मूग गिळून बसले. तेव्हा मला खात्री नव्हती, असं मी स्वतःला सांगत होते. मंगळवारी कॉलेज उघडलं आणि ती पळवाटही बंद झाली. प्रयोगशाळेत हवेतली ओल शोषायला काचेच्या भांड्यात कॅल्शियम क्लोराइडचे खडे ठेवलेले असतात. सुट्टीत ते ओल पिऊन चिकट पाणी झाले होते. ते बदलता बदलता माझे हात थांबले. नवसागर आणि चुना मिळून अमोनिया होतो, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहीत होते. त्याच ओळीत, बाणाच्या उजवीकडे, त्याच्यासोबत आणखी काय उरतं तेही लिहीत होते. हेच. मी नळीत अमोनिया म्हणून जे ओतलं त्यात अर्धं हे होतं, आणि वर तेलाचा हात फिरवून मी ते आत कोंडलं होतं. हवेतली ओल ते खेचत राहिलं आणि स्टील खात राहिलं. पुढे ग्रंथालयात शोधून हेही वाचलं, की नळीचं स्टील आपल्या ताटवाट्यांसारखं नसतं. ते कापायला सोपं जावं म्हणून त्यात गंधक घालतात, क्रोमियमही कमी असतं, आणि क्लोराइडपुढे ते फार टिकत नाही. हे सगळं कळायला मला पुस्तक लागलं. मिस्त्रींनी ते पाती बघून ओळखलं होतं.

कळल्यावरही मी चार दिवस गप्प राहिले. जेवण गेलं नाही, झोप लागली नाही, पण मिस्त्रींच्या घरी जायचं धाडस झालं नाही. सगळ्या क्लबासमोर माझी फजिती होईल ही भीती मला त्यांच्या नोकरीपेक्षा मोठी वाटत होती. आज लिहितानाही त्याची लाज वाटते.

रविवारी सात-आठ जण टेबलाभोवती बसले. मिस्त्री उभे होते. त्यांनी गेल्या रविवारी गजाला टांगलेला तुकडा काढून टेबलावर ठेवला. त्याच्यावर तसेच खड्डे होते. "नवसागर अन् चुन्याचं पानी," ते म्हणाले. "रात्रभर राह्यलं का असं होते. पावसानं झालेलं नाही."

"नळीत नवसागर कोण घालेल?" सेक्रेटरी म्हणाले.

"ते मी नाही सांगत जी."

"वा! म्हणजे तूच टाकला असशील."

मिस्त्रींनी मान खाली घातली नाही आणि माझ्याकडे बघितलंही नाही. मी उभी राहिले. "मी टाकला," म्हटलं. "अमोनिया घरी केला आणि तो नळीत ओतला. मिस्त्रींनी मला आठ दिवस थांबायला सांगितलं होतं."

सेक्रेटरी मोठ्याने हसले. "अहो मॅडम, तुम्ही! अरे देवा. प्रयोग म्हटला की असं व्हायचंच. पुढच्या वेळी जरा जपून हं." बाकीचेही हसले. कोणी तरी म्हणालं, मॅडमनी रायफलीचीच परीक्षा घेतली. चहा मागवला गेला. गेला आठवडाभर जो गुन्हा होता, तो अर्ध्या मिनिटात किस्सा झाला. "चल मिस्त्री," सेक्रेटरींनी किल्ली टेबलावरून पुढे सरकवली, "घे. झालं गेलं विसर."

मिस्त्रींनी किल्लीला हात लावला नाही. "सायेब, रजिस्टरात लिवलं हाये. ते पहिले पाहू."

"खोडून टाकतो ना."

"खोडल्यानं नाही होत. खोडलेलं वाचता येते. खरं काय झालं ते खाली लिवा."

"आता मॅडमचं नाव कशाला कागदावर आणायचं? शिकलेली बाई आहे, नोकरी आहे." सेक्रेटरी समजुतीच्या सुरात बोलत होते आणि मनापासून बोलत होते. मिस्त्रींनाही नोकरी होती, हे त्या खोलीत कोणाच्याच तोंडी आलं नव्हतं. माझ्याही नाही.

मी रजिस्टर ओढून घेतलं. कोणी अडवायच्या आत लिहिलं: मिस्त्रींची हयगय नव्हती, नळीत चुकीचं पाणी मी ओतलं, त्यांनी थांबायला सांगितलं असूनही. खाली पूर्ण नाव, सही. मिस्त्रींनी वही स्वतःकडे वळवून सावकाश, शब्दावर बोट ठेवत वाचलं. "नवसागर अन् चुना, असं लिवा," ते म्हणाले. "चुकीचं पानी म्हनलं तं उद्या दुसऱ्याले काय समजनार?" मी तेही लिहिलं. मग त्यांनी किल्ली उचलली आणि वरच्या खिशात टाकली.

त्याच दुपारी सेक्रेटरींची लेखी परवानगी घेऊन ते रायफल घेऊन बसले. तोंडाकडचा खराब इंच करवतीने कापला. करवत धरण्याआधी त्यांनी दहा वेळा माप घेतलं असेल. कापलेली कड गुण्याला लावून कानशीने काटकोनात आणली. आता आतली कड सगळीकडून सारखी करायची होती, कारण गोळी नळी सोडते ती तिथूनच, आणि तिथे केसाएवढा फरक राहिला तरी नेम गेला. त्यासाठी त्यांनी पितळेचा गोल डोक्याचा एक साधा स्क्रू हाताने फिरवायच्या ड्रिलमध्ये बसवला, डोक्याला घासायची पेस्ट लावली आणि ते डोकं नळीच्या तोंडावर टेकवून फिरवू लागले. फिरवता फिरवता मनगट संथपणे गोल हलवत होते, म्हणजे कुठेही एकाच बाजूला घासलं जाऊ नये. एवढं नाजूक काम मी आजवर कोणत्याही प्रयोगशाळेत पाहिलेलं नाही. त्या नळीने पुढे अनेक वर्षं आमच्या क्लबाला चांगले नेम दिले.

मी शेजारी स्टुलावर बसून टॉर्च धरला होता. बाकीचे चहा पिऊन गेले होते. शेवटी धीर करून मी विचारलं, "मिस्त्री, तुम्हाला आधीच कळलं होतं ना?"

"पहिल्याच दिवशी. अमोनियाची बाटली रिकामी होती, अन् डब्यातल्या निळ्या चिंध्यांवर चुना वाळला होता."

"मग तेव्हाच त्यांना माझं नाव का नाही सांगितलंत?"

त्यांनी ड्रिल उचललं, नळीच्या तोंडावर फुंकर मारली, बोट फिरवून कड तपासली.

"मी सांगतलं असतं मॅडम, तं ते चुगली झाली असती. कोनी मानलंबी नसतं. तुमी सांगतलं तं सारे हासले अन् चहा आला."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते फक्त कसं असतं ते सांगत होते. मला रडू आलं, एकदम, लहान मुलासारखं, आणि हातातला टॉर्च हलायला लागला.

मिस्त्रींनी वर बघितलं नाही. पुन्हा ड्रिल टेकवत ते म्हणाले, "टार्च नीट धरा जी. तोंड दिसून नाही राहिलं."